परसातला वाफा

हिवाळ्यात पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या प्रवाशाला स्ट्रॉबेरी दिसते ती शेतातली. काळ्या प्लास्टिकने झाकलेले लांबच लांब गादीवाफे, त्यांतून डोके वर काढणारी तीनपानी रोपे, बांधावर रचलेली खोकी आणि रस्त्याकडेला थाटलेली विक्रीची दुकाने. २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले. २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाणारे भिलार त्याआधी ओळखले जाई ते स्ट्रॉबेरीसाठीच. या मोठ्या शेतीच्या आडोशाला काही जुन्या घरांच्या परसात मात्र आणखी एक स्ट्रॉबेरी नांदत आली आहे. ती बाजारात जात नाही. घरातल्या मुलांनी खावी, पाहुण्याच्या हातावर चार फळे ठेवावीत, उरली तर मुरांबा करावा, एवढाच तिचा व्याप. असा एक वाफा आमच्या घरामागेही आहे.

शेतातली आणि परसातली स्ट्रॉबेरी यांच्या आयुष्यात मोठा फरक असतो. शेतकरी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रोपे लावतो, उन्हाळ्यापर्यंत फळे तोडतो आणि हंगाम संपला की शेत मोकळे करतो. पुढच्या वर्षाची रोपे बरीचशी खाली वाईच्या बाजूच्या रोपवाटिकांतून येतात. याचे कारण पाऊस. महाबळेश्वरात वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तिथून जेमतेम तीस-बत्तीस किलोमीटरवरच्या वाईत तो एक हजार मिलिमीटरच्याही आत येतो. वरच्या पावसात स्ट्रॉबेरीचे नाजूक मूळ कुजून जाते, म्हणून पावसाळाभर तिने खालच्या मुलखात राहायचे आणि थंडीच्या तोंडावर घाट चढायचा, अशी ही रीत. परसातल्या स्ट्रॉबेरीला मात्र घाट उतरण्याची सोय नसते. तिला बाराही महिने एका जागी काढावे लागतात आणि ते काढायचे तर कुणाचा तरी हात सतत तिच्या पाठीवर असावा लागतो.

आमच्या घरी या वाफ्याला ‘अण्णांचा वाफा’ म्हणत. चाळीसेक वर्षांपूर्वी वडिलांनी एका स्नेह्याच्या शेतातून दहा-बारा रोपे ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली होती. त्या जातीचे नाव तेव्हा कुणी विचारले नाही आणि पुढे विचारावे असा माणूस उरला नाही. अण्णांनी रोपे आणली आणि पहिल्या दिवशी ती लावली, त्यामुळे वाफ्याला त्यांचे नाव पडले. त्यानंतरची सगळी वर्षे वाफा सांभाळला तो आईने. खुरपणी तिची, पाणी तिचे, पावसाळ्यात चर काढणे तिचे आणि दरवर्षी जुनी रोपे काढून नवी लावणे हेही तिचेच. नाव अण्णांचे आणि हात आईचे, ही वाटणी घरातल्या सगळ्यांना ठाऊक होती, आणि ती कुणाला खटकत असल्याचे कधी दिसले नाही. अण्णा गेले त्यालाही सहा वर्षे झाली. त्यानंतरची चार वर्षे वाफा पूर्वीसारखाच फळत होता. मग आईचे गुडघे गेले. जमिनीवर बसणे आणि बसल्यावर उठणे, दोन्ही तिच्या आवाक्याबाहेर गेले. दोन पावसाळे वाफ्याकडे कुणाचा हात फिरकला नाही.

गेल्या वर्षी माघ महिन्यात मी आईजवळ राहायला आले. वाईतल्या एका शाळेच्या कार्यालयात माझी नोकरी आहे. पसरणीचा घाट मी रोज एसटीने उतरते आणि चढते. परसात गेले तेव्हा वाफा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते सांगता येत नव्हते. सगळीकडे हराळी माजली होती. कडेने घाणेरीने मूळ धरले होते. हराळीच्या जाळ्यात मधूनमधून स्ट्रॉबेरीची पाने दिसत होती. काही लालसर पडलेली, काहींवर जांभळट ठिपके. रोपे थोडी नव्हती, उलट फार होती. एकमेकांच्या अंगावर चढलेली, एकमेकांची मुळे दाबणारी, बोटभर उंचीची रोपे. दुर्लक्षित वाफा म्हटले की आपल्याला उजाड जमीन आठवते. स्ट्रॉबेरीच्या बाबतीत दुर्लक्षाचे पहिले लक्षण दाटी हे असते.

या दाटीचे कारण रोपाच्या स्वभावात आहे. दिवस मोठे आणि हवा उबदार असते तेव्हा स्ट्रॉबेरीचे रोप बाजूला लांब दोऱ्यासारखी धावती खोडे सोडते. इकडचे शेतकरी त्यांना ‘रनर’ म्हणतात. रनर मातीवरून सरपटत जातो, थोड्या अंतरावर त्याला पानांचा एक झुबका फुटतो, त्या झुबक्याखाली मुळे धरतात आणि नवे रोप तयार होते. तिथून तो पुढे सरकतो आणि दुसरे रोप तयार करतो. नव्या रोपाची मुळे जमिनीत रुजेपर्यंत आईरोप त्याला या दोऱ्यातून पाणी आणि अन्न पुरवत राहते. दिवस आखडले आणि थंडी पडू लागली की रोपाचे लक्ष फुलांकडे वळते. हे चक्र कुणी आवरले नाही तर रोपांची संख्या वाढत जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याची माती कमी होत जाते. दुसरीकडे, जुने रोप दोन-तीन वर्षांत थकते. त्याचा मधला कंद लाकडासारखा कठीण होतो, फळे बारीक होतात. म्हणजे वाफ्यात एकाच वेळी म्हातारी रोपे जागा सोडत नसतात आणि लहान रोपांना जागा मिळत नसते. हराळीही अशीच जमिनीवरून धावत पसरते. दोघींची चाल एकच. एकीला आपण पीक म्हणतो आणि दुसरीला तण.

सगळा वाफा उपटून टाकावा आणि नवी रोपे आणून लावावीत, हा मार्ग सोपा होता. स्वीट चार्ली, विंटर डॉन, कॅमारोसा, नाबिला ही नावे आमच्या भागात शाळेतल्या मुलांनाही पाठ असतात. या जातींची फळे मोठी, टणक आणि देखणी असतात. टणकपणा हवाच, कारण त्यांना पुण्या-मुंबईपर्यंतचा प्रवास सोसायचा असतो. शेजारच्यांनी शंभर रोपे देऊ केली. मी आईला विचारले. ती पडवीत खुर्चीवर बसली होती. ती म्हणाली, “नवी आण की. पण मग ती आपली नव्हेत. आपली वाचतायत का, ते आधी बघ.”

‘आपली’ या शब्दात नुसता जिव्हाळा असता तर निर्णय अवघड नव्हता. पण त्यामागे वनस्पतिशास्त्रातली एक अडचणीची गोष्ट दडलेली आहे. आज आपण खातो ती बागेतली स्ट्रॉबेरी हे मुळात एक संकरित फळ आहे. १७१४ साली आमेदे-फ्रांस्वा फ्रेझिए या फ्रेंच अधिकाऱ्याने दक्षिण अमेरिकेतल्या चिलीमधून मोठ्या फळांच्या स्ट्रॉबेरीची मोजकी रोपे फ्रान्सला नेली. उत्तर अमेरिकेतून तिथे आधीच पोहोचलेल्या दुसऱ्या एका जातीशी तिचा युरोपातल्या बागांत संकर झाला आणि आजची स्ट्रॉबेरी जन्मली. आंत्वान निकोला दुशेन या अभ्यासकाने १७६६ साली या संकराचा उलगडा केला. अशा संकरित रोपाचे बी पेरले तर हुबेहूब तेच रोप उगवत नाही. रंग, चव, आकार, सगळ्यांचीच पुन्हा सरमिसळ होते. एखादी जात जशीच्या तशी टिकवायची असेल तर रनर हीच नेहमीची वाट. एका रोपापासून दुसरे, दुसऱ्यापासून तिसरे, असा तो एकच धागा चाळीस वर्षे आमच्या परसात चालत आला होता. बिनानावाची ही जात कोणत्याही रोपवाटिकेच्या यादीत शोधता येणार नव्हती. आमच्या पुरता तो धागा या हराळीत एक तर सापडणार होता, नाहीतर तुटणार होता.

मग शिकवणे सुरू झाले. आईने हे काम आयुष्यभर केले होते, पण ते कधी कुणाला सांगितले नव्हते. सांगण्याची वेळच आली नव्हती. हातांना जे कळत होते ते आता तिला शब्दांत आणावे लागत होते, आणि मला ते शब्द पुन्हा हातात उतरवावे लागत होते. खुर्ची आणि वाफा यांत दहा-बारा हातांचे अंतर. “ते नको, त्याच्या पलीकडचं,” ती म्हणे. पलीकडचे कोणते, ते मला कळत नसे. मी रोप दाखवी, ती मान हलवी. काही दिवसांनी तिला योग्य शब्द सापडू लागले. “मधला कोंब बघ. बोटाने दाबला की हिरवा लागला पाहिजे. तपकिरी लागला तर ते गेलं.” आणखी एके दिवशी म्हणाली, “पान बघून निवडू नकोस. पान सगळ्यांचंच चांगलं दिसतं. फळ आलेलं बघून निवड.” तिने हे वाक्य अगदी सहज उच्चारले. निवडीचा सारा विचार त्यात आला होता. नुसती पाने आणि रनर वाढवणारे जोमदार रोप दिसायला उत्तम असते, पण त्याच्यापासून रोपे घेतली तर वाफा हिरवा होतो आणि वाटी रिकामी राहते.

म्हणून माघ-फाल्गुनात मी फक्त पाहण्याचे काम केले. ज्या रोपांना फळ धरले होते त्यांच्याशेजारी एकेक काडी रोवून ठेवली. फळ ओबडधोबड असले तर आई ते हातात घेऊन बघे. स्ट्रॉबेरीच्या अंगावर ज्या पिवळसर कणांना आपण बिया समजतो ते प्रत्येक कण म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने एक स्वतंत्र फळ असते. लाल रसदार भाग हा फुलाच्या बैठकीचा फुगलेला गर. ज्या कणाला परागकण मिळत नाहीत त्याच्याभोवतीचा गर वाढत नाही आणि फळ वाकडे होते. आईला हे शास्त्र ठाऊक नव्हते, पण वाकडे फळ पाहून ती म्हणे, “माशा आलेल्या नाहीत या बाजूला. रोपाचा दोष नाही.” आणि काडी तशीच राहू देई. शेकडो रोपांच्या त्या गर्दीत काडीच्या मानाची रोपे भरली चौदा. त्यांतली बहुतेक वाफ्याच्या खालच्या कडेला, दगडांच्या रांगेजवळ होती. दोन पावसाळ्यांचे पाणी तिथे साचून न राहता वाहून गेले होते.

वैशाखात त्या चौदा रोपांनी रनर सोडले. आईच्या सांगण्यावरून प्रत्येक रनरचे पहिले रोप धरले, कारण आईरोपाच्या सर्वांत जवळचे रोप बहुधा सशक्त असते. त्यापुढचा दोरा खुडला. माती, शेणखत आणि थोडी वाळू भरलेली पिशवी रोपाखाली ठेवायची, वाकवलेल्या तारेने रनर मातीला टेकवायचा आणि वाट पाहायची. तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात. रोप हलकेच ओढून बघायचे. ते मातीला धरून राहिले की आईरोपाशी जोडणारा दोरा कापायचा.

तो कापताना माझा हात थोडा थांबे. आईच्या ते लक्षात आले. “लवकर कापलास तर मरतं,” ती म्हणाली, “आणि कापलाच नाहीस तर दोन्ही रोडावतात.” मी म्हटले, “माणसांचंही तसंच असेल, नाही?” त्यावर ती जरा रागावलीच. “झाडाचं झाडापाशी. मी काय तुला कापून टाकली होती?” लग्न होऊन या घरातून गेलेली मुलगी पंचवीस वर्षांनी परत येऊन तिच्याच परसात बसली होती, तेव्हा तिची हरकत रास्त होती. निसर्गातून माणसासाठी बोध काढण्याची आपल्याला हौस असते. पण रोपाला एकदाच कापायचे असते. माणसांचे धागे कापलेले दिसतात आणि तरीही त्यांतून काहीतरी वाहत राहते. मी उपमा सोडून दिली आणि कात्री चालवली. एकतीस रोपे तयार झाली.

मृगाच्या आधी जुना वाफा पूर्ण खणून काढला. हराळीची पांढरी मुळे वीतभर खोल गेली होती. एक तुकडा राहिला तरी ती पुन्हा उगवते, म्हणून माती चाळणीने चाळली. जुनी रोपे उपटताना आई पडवीतून पाहत होती. ती चौदा रोपेही काढायची का, असे मी विचारले. “त्यांचं झालं आता,” एवढेच ती म्हणाली आणि आत गेली. रोगट रोपे जाळली, बाकीची खतात टाकली. पिशव्यांतली रोपे पावसाळाभर पडवीच्या कडेला राहिली. तिथे उजेड पोहोचे, पण झड लागत नसे. तरीही आषाढ-श्रावणात सात रोपे कुजली. चोवीस उरली.

एकाच जागी पुन्हा पुन्हा स्ट्रॉबेरी लावली तर मातीतले रोग नव्या रोपांना धरतात, म्हणून वाफ्याची जागा बदलणे आवश्यकच होते. आमच्या जुन्या गोठ्याचे जांभ्याचे चिरे परसात पडून होते. त्यांचे तीन थर रचून पडवीच्या पायरीलगत गुडघ्याच्या वर येईल अशा उंचीचा चौकोन केला आणि त्यात तांबडी माती व शेणखत भरले. स्ट्रॉबेरीला किंचित आम्ल आणि पाण्याचा निचरा होणारी माती मानवते. आमची तांबडी माती तशीच आहे. उंचीमुळे निचऱ्याचीही सोय झाली. पण उंची ठरवताना मी निचऱ्याचे माप घेतले नव्हते, आईच्या खुर्चीचे घेतले होते.

सप्टेंबरच्या अखेरीस, पाऊस ओसरल्यावर, लावणीचा दिवस ठरला. आई वाफ्याजवळ खुर्ची लावून बसली. पहिले रोप मी लावले. तिने काही न बोलता ते उपटले आणि पुन्हा लावले. मधला कोंब मातीखाली गेला तर कुजतो आणि फार वर राहिला तर मुळे सुकतात. तो मातीच्या बरोबर पातळीला यावा लागतो. हे मला तिने सहा महिने शब्दांनी सांगितले होते. आता तिच्या अंगठ्याने मातीवर दिलेला दाब मी पाहिला आणि सांगणे व दाखवणे यांतले अंतर समजले. अर्थात, त्या सहा महिन्यांचे सांगणे गाठीशी नसते तर अंगठ्यात काय पाहायचे तेही कळले नसते. चोवीसपैकी वीस रोपे आईने स्वतः लावली. दोन वर्षांनंतर तिच्या नखांत माती गेली होती. रात्री जेवताना ती हात धुऊनही पुन्हा पुन्हा नखांकडे पाहत होती.

कार्तिकात आलेली पहिली फुले तिने खुडायला लावली, रोपांची वाढ आधी व्हावी म्हणून. मातीवर भाताचा पेंढा पसरला. पौषात फळे धरली. पहिले पिकलेले फळ लहानच होते. बाजारातल्या फळाच्या निम्मेही नव्हते. आईने ते खुडले, देठाकडून वास घेतला आणि अर्धे तोडून मला दिले. ही तीच स्ट्रॉबेरी आहे की नाही याचा निवाडा फक्त तीच करू शकत होती. इतक्या वर्षांची ती चव नेमकी ठाऊक असलेले दुसरे कुणी आता हयात नव्हते. तिने सावकाश खाल्ले. “आहे,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, “पाणी जरा जास्त झालंय.”

या उन्हाळ्यात रोपांनी पुन्हा रनर सोडले आहेत. आईने या वेळी एक नवी गोष्ट सांगितली. सगळी रोपे आपल्याकडे ठेवायची नाहीत. “एका घरात राहिलं ते त्या घराबरोबर जातं,” असे तिचे म्हणणे. गेल्या दोन वर्षांत ही जात आमच्या परसातून जवळपास नाहीशी झाली होती. ती आणखी दोन परसांत असती तर एवढी यातायात पडली नसती. त्यामुळे बारा रोपे शेजारच्या घरी आणि सहा भिलारला आईच्या भाचीकडे गेली. शेजारच्या सुनेने पिशव्या रांगेत मांडल्या आणि कोणते रोप कोणाचे ते विसरू नये म्हणून पुठ्ठ्याच्या तुकड्यावर खडूने लिहिले, ‘काकूंची स्ट्रॉबेरी’. मी आईला जाऊन सांगितले की तुझ्या नावाची पाटी लागली आहे. ती भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारले, “कोंब मातीच्या वर ठेवलाय ना तिने? जाऊन बघून ये.”